पाणमोट फुटली? आधी घड्याळ बघा!

गाय अडली तर आपण रात्री-अपरात्री पशुवैद्याचे दार ठोठावतो. लेकी-सुनेची पाणमोट फुटली अन् कळा आल्या नाहीत, तर मात्र “पहिलटकरीण आहे, वेळ लागायचाच, सकाळी बघू” म्हणून निवांत बसतो. शेतकरी बंधूंनो, धोका इथेच आहे.

बाळ पाण्याच्या पिशवीत सुरक्षित असते. पिशवी फुटली की खालचे जंतू वर चढू लागतात. अठरा तास उलटले, बाईला ताप भरला, किंवा ३७ आठवडे भरण्याआधीच पाणी गेले, तर बाळाला जंतुदोष होण्याची भीती वाढते. काही बायांच्या अंगात ‘गट ब स्ट्रेप्टोकोकस’ जातीचे जंतू असतात. बाईला त्यांचा त्रास जाणवत नाही. पण जन्मताना ते बाळाला लागले, तर पहिल्या एक-दोन दिवसांतच बाळ दगावू शकते.

अशा वेळी गरज वाटल्यास डॉक्टर कळा चालू असतानाच आईला शिरेतून पेनिसिलीन किंवा ॲम्पिसिलीन देतात. ते वारेतून बाळापर्यंत पोचते. पहिला डोस बाळंतपणाच्या निदान चार तास आधी गेलेला बरा. म्हणून पाणी गेल्याची वेळ लिहून ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा.

“मग घरीच गोळी दिली तर?” मुळीच नको. २०२३ साली सात देशांतल्या सुमारे २९ हजार बायांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नागपूर भागही होता. कळा सुरू असताना ॲझिथ्रोमायसिनचा एक डोस दिल्याने आईचा जंतुदोष कमी झाला. बाळाचा मात्र झाला नाही. कुठले औषध, कधी, हे डॉक्टरच ठरवणार. अंगाला पेनिसिलीन सोसत नसेल तर तेही आधीच सांगा.

बाळंतपणानंतरही डोळ्यांत तेल घालून बघा. बाळ दूध ओढेनासे झाले, रडणे क्षीण झाले, अंग तापले वा गार पडले, छाती आत ओढली जाऊ लागली, तर थांबू नका. वासराला पाजता तसा बाळालाही पहिल्या तासात आईचा चीक मिळू द्या. नाळेला हळद, राख, शेण काही लावू नका.

वेळीच ओळखले तर बाळ वाचते, हे आपल्याच गडचिरोलीने दाखवले. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळे तपासली, जंतुदोषावर औषध दिले. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू, तुलनेच्या गावांपेक्षा, साठ टक्क्यांहून जास्त घटले. १९९९ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. २०११ पासून आशाताई देशभर अशाच घरभेटी देतात.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनो, दिवस भरत आलेल्या बायांची यादी आशाताईंकडून घ्या. १०२ व १०८ हे क्रमांक पंचायतीच्या भिंतीवर ठळक रंगवा. रात्री निघणारी एक जीप आधीच ठरवून ठेवा. बाळंतिणीला व आजारी नवजात बाळाला सरकारी दवाखान्यात नेण्या-आणण्याचा, औषधाचा खर्च शासन करते, हे ग्रामसभेत सांगा. पैशापायी कुणी सकाळची वाट बघत बसू नये.