पेशींची आणीबाणी

संकटकाळी किती खर्च करावा, हे ठरविणे सोपे. तो केव्हा आवरावा आणि आवरताना काय राखून ठेवावे, हे ठरविणे अवघड. आपल्या शरीरातील पेशींना हे साधले आहे.

१९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स व लिंडेनमान या संशोधकांना असे आढळले की, विषाणूशी संबंध आलेल्या पेशी एक द्रव्य बाहेर सोडतात व त्याच्या योगाने इतर पेशींत विषाणूची वाढ रोखली जाते. त्यांनी त्यास ‘इंटरफेरॉन’ हे नाव दिले. हा इशारा पोहोचताच एरवी शांत असलेली शेकडो जनुके कार्यरत होतात. त्यांच्यापासून बनणारी काही प्रथिने विषाणूच्या आरएनएचे तुकडे पाडतात. काही तर पेशीची प्रथिननिर्मितीच थांबवितात. आपले उत्पादन बुडाले तरी चालेल, पण शत्रूला कारखाना वापरू द्यावयाचा नाही, असा हा हिशेब!

अशी आणीबाणी कायम ठेवणे परवडणारे नाही. म्हणून तिला लगाम घालणारी जनुकेही त्याच इशाऱ्याने जागी होतात. ल्यूपसच्या अनेक रुग्णांत इंटरफेरॉनचा जोर ओसरत नाही आणि शरीर स्वतःलाच इजा करते. उलट, २०२० मध्ये गंभीर कोविडच्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांत इंटरफेरॉनलाच निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे आढळली.

साथ आली की तिजोरी उघडावयाची आणि ओसरली की प्रयोगशाळाही विसरावयाच्या, ही राज्यकर्त्यांची जुनी रीत. पेशी शस्त्रे म्यान करते. इशाऱ्याची यंत्रणा मात्र मोडीत काढीत नाही. अंदाजपत्रक मांडणाऱ्यांनी तिच्यापासून एवढे तरी शिकावे.