उरलेला ०.०१ टक्का कोणाचा?

पीएच.डी.च्या मुलाखतीत मला एक प्रश्न आला होता. "पितृत्वाच्या अहवालात ९९.९९ टक्के लिहिलंय. मग उरलेला ०.०१ टक्का कोणाचा?" मी ठोकून दिलं, "मशीनची एरर असणार, सर." समोरचे तिघंही हसले. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितेय.

आधी रक्तगट बघू. १९४० च्या दशकात चार्ली चॅप्लिनवर पितृत्वाचा खटला झाला. आई ए गटाची, मुलगी बी गटाची आणि चॅप्लिन ओ गटाचा. मुलीला बी कुठून तरी मिळायला हवा. आईकडे तो नाही, चॅप्लिनकडेही नाही. म्हणजे तो बाप नाही. विज्ञानाच्या दृष्टीने विषय तिथेच संपला होता, पण कॅलिफोर्नियात तेव्हा हा पुरावा निर्णायक धरत नसत आणि ज्यूरीने कौल त्याच्या विरोधात दिला. आता उलट विचार करा. चॅप्लिन बी गटाचा असता तर? तरी काहीच सिद्ध झालं नसतं, कारण बी गटाचे पुरुष गावभर असतात. रक्तगट 'नाही' ठामपणे सांगतो, 'हो' सांगत नाही.

डीएनए 'हो'च्या जवळ नेतो, पण नेतो तो गणिताने. आपल्या डीएनएत काही जागी चार-पाच अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. कोणाकडे तो १२ वेळा, कोणाकडे १७ वेळा. अशा जागांना एसटीआर मार्कर म्हणतात. प्रत्येक जागी आपल्याकडे दोन आकडे असतात, एक आईचा आणि एक बापाचा.

समजा आई १२, १४ आहे, बाळ १२, १७ आहे आणि ज्याच्याबद्दल शंका आहे तो पुरुष १५, १७. बाळाचा १२ आईकडून आला, मग १७ बापाकडून. हा पुरुष बाप असेल तर त्याने १७ देण्याची शक्यता ०.५. तो नसून कोणी तिऱ्हाईत असेल, आणि त्या लोकसमूहात १७ ची वारंवारता ०.१ असेल, तर शक्यता ०.१. भागाकार ५. हाच पॅटर्निटी इंडेक्स. असे १० मार्कर जुळले आणि प्रत्येकाचा इंडेक्स ५ धरला, तर गुणाकार होतो सुमारे ९७ लाख ६५ हजार.

हा आकडा टक्क्यांत बदलताना एक गोष्ट गुपचूप आत शिरते. चाचणीआधी तो बाप असण्याची शक्यता ५० टक्के होती, असं गृहीत धरतात. ते मोजलेलं नसतं, ठरवलेलं असतं. गुणाकार लाखांत असला की त्याने फार बिघडत नाही. पण गुणाकार फक्त १००० असेल तर? ५० टक्के धरून ९९.९ येतात, आधीची शक्यता १ टक्का धरली तर साधारण ९१. रक्त तेच, मशीन तेच. मुलाखतीत मी हे सांगायला हवं होतं.

त्याहून मोठी मेख तिऱ्हाईतात आहे. तो तिऱ्हाईत नसून त्या पुरुषाचा सख्खा भाऊ असेल तर? भावाने १७ देण्याची शक्यता ०.१ राहत नाही, ०.३ होते, कारण निम्मा वारसा सामायिक. इंडेक्स ५ वरून १.६७ वर येतो आणि दहा मार्करांचा गुणाकार ९७ लाखांवरून घसरून सुमारे १६५ वर! म्हणून शंका भावांमध्ये असेल तर दोघांचे नमुने घ्यावेत, मार्कर वाढवावेत. जुळे एकसारखे भाऊ असतील तर हे मार्कर हातच टेकतात.

आणि एकाच जागी जुळलं नाही म्हणून लगेच 'बाप नाही' असं लिहायचं नसतं. शुक्राणू तयार होताना आकडा एकाने वाढू किंवा घटू शकतो. न जुळणाऱ्या जागा एकाहून जास्त लागतात.

आता तुमच्या कामाचं. तुम्ही कोर्टासाठी चाचणी करणार नसाल, पण आनुवंशिक आजारांवर काम केलंत तर आई-बाप-मूल असे तिघांचे नमुने हाताळालच. माझ्याकडे एकदा एका कुटुंबात बाप जुळेना. मी गार पडले. सीनियर म्हणाली, "आधी ट्यूब बघ." त्याच बॅचमध्ये दुसऱ्या एका कुटुंबातही बाप जुळत नव्हता, दोन बापांची लेबलं अदलाबदल करून पाहिली, तर दोन्ही कुटुंबं चपखल बसली. नव्याने नमुने घेऊन खात्री केली तेव्हा कुठे झोप लागली.

पण कधीतरी ट्यूब बरोबर निघेल. तेव्हा तुमच्या एक्सेलमधल्या त्या एका ओळीत एका बाईचा संसार आणि एका पोराचं नाव असेल, आणि त्यांनी तुम्हाला हे विचारलेलंही नसेल. ते सांगायचं की नाही हे नमुना घेण्याआधी, संमतीपत्रातच ठरलेलं हवं. आमच्या फॉर्मात 'नात्याविषयीची माहिती कळवली जाणार नाही' ही ओळ दुसऱ्या पानावर खाली आहे. सही घेण्याआधी मी ती मोठ्याने वाचून दाखवते.