पोटातलं ओठांवर

"आता झालं ना सगळं बरं?" हा प्रश्न हल्ली मला इतवारा बाजारात भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, अगदी बँकेच्या रांगेतही कोणी ना कोणी विचारतं. विचारणारीच्या मनात माया असते, यात शंकाच नाही. पण उत्तर काय द्यावं? 'हो' म्हटलं तर ते खोटं. 'नाही' म्हटलं तर तिच्या डोळ्यांत पाणी येतं आणि मग मलाच तिची समजूत घालत उभं राहावं लागतं. खरं उत्तर जरा लांबलचक आहे. ते एकदा सविस्तर द्यावं, म्हणून हा लेखनप्रपंच!

मला मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे. चौथ्या टप्प्याचा, म्हणजे आतड्यातून निघून यकृतापर्यंत पोहोचलेला. फेब्रुवारी २०२५मध्ये एकाएकी आतडं बंद पडलं. पोट नगाऱ्यासारखं फुगलं, उलट्या थांबेनात, आणि अमरावतीतच रातोरात ऑपरेशन करावं लागलं. गाठ काढली आणि शौचासाठी पोटाच्या डाव्या बाजूला वेगळी वाट करून दिली. त्यानंतर केमोचे सहा डोस. ऑगस्टमध्ये मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये यकृताचा रोगट भाग काढला. पुन्हा सहा डोस. आणि आता ताज्या स्कॅनमध्ये यकृताच्या दुसऱ्या भागात आणखी एक ठिपका दिसलाय. पुढच्या महिन्यात तिसरं ऑपरेशन. वय माझं ५१.

पहिल्या ऑपरेशननंतरचे आठ दिवस मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात घरच्यांची बैठक झाली होती म्हणे. अकोल्याहून धावत आलेला माझा भाऊ सगळ्यांना बजावत होता, "तिले सांगू नका बाप्पा, खचून जाईन ती." हेतू चांगलाच होता. पण मी जागी आहे हे विसरून माणसं डोळे पुसत होती, आणि 'साधी गाठ होती, काढून टाकली' हे वाक्य प्रत्येक जण इतकं सारखं म्हणत होता, की ते पाठ केलेलं आहे हे लहान मुलानेही ओळखलं असतं. शेवटी ड्रेसिंगला आलेल्या डॉक्टरांना मीच म्हटलं, "फाइल माझी आहे, तर मलाच वाचून दाखवा." त्यांनी खुर्ची ओढली आणि अर्धा तास बसून सगळं सांगितलं. त्या रात्री मी खूप रडले हे खरं, पण आठ दिवसांत पहिल्यांदा घरच्यांशी मोकळेपणाने बोलले हेही खरं.

कॅन्सरचं नाव न घेण्याची आपली रीत मला आता अजबच वाटते. आपल्या अमरावती जिल्ह्याचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८मध्ये कॅन्सरनेच गेले. नागपूरच्या कॅन्सर रुग्णालयाला त्यांचंच नाव दिलेलं आहे. त्याला आता किती वर्षं झाली! तरी घराघरांत अजून 'तो आजार' असंच कुजबुजतात. त्यात आतड्याचा कॅन्सर म्हणजे दुहेरी अडचण. स्तनांच्या गाठीबद्दल बायका आता निदान एकमेकींशी बोलतात. शौचाबद्दल कोण बोलणार? रक्त पडलं की मूळव्याध, बद्धकोष्ठ झालं की एरंडेल, थकवा आला की 'वयच आहे ते'! मूळव्याध असतेही पुष्कळांना. पण शौचाची सवय काही आठवडे बदललेली असणं, कधी जुलाब तर कधी खडा, शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, पाळी गेल्यानंतरही हिमोग्लोबिन खाली खाली जाणं, यातलं काही असेल तर दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, करावी लागेल का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

हा आजार बहुतेक वेळा आतड्याच्या आतल्या बाजूला आलेल्या बारीक कोंबापासून सुरू होतो. त्याला पॉलिप म्हणतात. पॉलिपचा कॅन्सर व्हायला अनेकदा दहा-दहा वर्षं लागतात, आणि त्या काळात तो दुर्बिणीतूनच काढून टाकता येतो. सख्ख्या नात्यात कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर भावंडांनी आणि मुलांनी चाळिशीत, किंवा रुग्णाला ज्या वयात आजार झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा तपासून घ्यावं, असं डॉक्टर सांगतात. ज्या भावाने माझ्यापासून लपवायला सांगितलं होतं, त्यालाच मी अकोल्यात तपासणीच्या टेबलावर झोपायला लावलं! त्याच्या आतड्यात एक पॉलिप निघाला. तिथल्या तिथे काढला, तपासला, कॅन्सर नव्हता. वहिनी अजून फोनवर म्हणते, "तुम्ही आजारी पडल्या अन् आमचं घर वाचलं." यावर हसावं की रडावं, कळत नाही.

आता पिशवीबद्दल. पोटावर जी वाट करतात तिला स्टोमा म्हणतात. ओठाच्या आतल्या कातडीसारखी लाल, ओलसर. हात लावला तर दुखत नाही, कारण तिला वेदना कळवणाऱ्या नसाच नसतात. तिच्यावर एक चकती चिकटवायची आणि तिला पिशवी लावायची. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. चकती माझी तीन-चार दिवस टिकते. पहिल्या पंधरवड्यात मी आरशात बघितलंच नाही. मुलगी चकती बदलून द्यायची आणि मी छताकडे बघत राहायची. मग एका सकाळी ती परीक्षेला गेली होती आणि चकती सुटली. दुसरा इलाजच नव्हता. थरथरत्या हाताने सगळं केलं, वीस मिनिटं लागली. आता पाच लागतात.

दोन-चार गोष्टी अनुभवाने शिकले त्या सांगते. चकतीचं भोक स्टोमाच्या मापाचंच कापायचं, मोठं झालं तर भोवतीची कातडी सोलवटते. साडी-परकराची नाडी स्टोमाच्या वर किंवा खाली बांधायची, बरोबर त्याच्यावर नाही. पत्ताकोबी, वाल, हरभऱ्याची उसळ माझ्या पोटात फार गॅस करते, म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी खात नाही. ताकाने वास कमी होतो. पिशव्या उन्हात किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवायच्या नाहीत, गोंद विरघळतो. आणि पिशवी असलेली मी काही एकटीच नाही. मुंबईत 'ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया' ही पिशवीवाल्यांसाठीच काम करणारी संस्था आहे. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत स्टोमा सांभाळायला शिकवणाऱ्या खास परिचारिका असतात. ऑपरेशनच्या आधीच त्यांना भेटता आलं तर जरूर भेटा. पोटावर नेमकी जागा कुठे असावी, साडी नेसता की सलवार, वाकून काम किती करता, हे बघून त्या खूण करून देतात.

यंदाच्या संक्रांतीला हळदीकुंकू करावं की नाही, हा आमच्याकडे मोठाच प्रश्न झाला होता. नात्यातल्या एक बाई हळूच म्हणाल्या, "पिशवी घेऊन देवापुढं कशी बसशील वं?" मी काही बोलायच्या आत आमच्या ८१ वर्षांच्या सासूबाईंनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाल्या, "पोटात सगळ्यायच्याच तेच असते वं बाई. तिचं बाहेर आलं, इतकंच." विषय संपला! त्या दिवशी ४३ बायका आल्या. तिळगूळ मीच वाटला.

केमोचं लोकांना वाटतं केस गळणं म्हणजे केमो. माझे केस विरळ झाले, पण गेले नाहीत. माझा त्रास वेगळाच. या आजारात देतात त्यातल्या एका औषधाने थंडाची भीती वाटायला लागते. फ्रिजचं दार उघडलं तरी बोटांत करंट लागल्यासारखं होतं, गार पाणी घशाला टोचतं. आणि माझे पहिले डोस आले ते एप्रिल-मेमध्ये! अकोल्याचा पारा पंचेचाळिशीच्या वर, माहेरी माठ भरलेला, आणि मी कोमट पाणी पितेय. घामाने चकती सुटतेय ती वेगळीच. दर पंधरवड्याला गळ्याच्या हाडाखाली बसवलेल्या पोर्टमधून औषध जायचं आणि पुढचे ४६ तास छोटा पंप गळ्यात अडकवून घरी फिरायचं. बोटांची टोकं अजून बधिर आहेत. ब्लाऊजचे हुक लावायला मुलगी लागते, तांदूळ निवडताना खडा हाताला लागत नाही. डोस वाढत जातात तसा हा बधिरपणा वाढतो, म्हणून तो डॉक्टरांना वेळीच सांगायचा असतो. सहन करत बसायचा नसतो. आपल्या बायकांना नेमकं हेच जमत नाही.

खर्चाचंही सांगायला हवं. महात्मा फुले जनआरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपली अमरावती होती. कॅन्सरची ऑपरेशनं आणि केमो त्यात बसतात. रेशनकार्ड, आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या 'आरोग्यमित्रा'ला भेटायचं. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट माफ आहे आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. आम्ही अंबा एक्स्प्रेसने जातो. संध्याकाळी अमरावतीत बसलं की सकाळी दादर. तिथे गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाला आलेले गावोगावचे पेशंट उतरतात. आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या, हातात खराटा घेतलेल्या एका माणसाच्या नावाने परक्या शहरात आपल्याला निवारा मिळतो, हे बघून दर वेळी माझे हात जोडले जातात.

आता येणाऱ्या ऑपरेशनचं. करावं की नाही, यावर घरात मतं पडलीच. भाऊ म्हणतो, "पुरे आता, किती कापून घेशील?" आमचे हे म्हणतात, "करूनच टाकू, एक मनाला समाधान." शेजारच्या काकूंनी कुठल्या तरी गावच्या मुळीचा पत्ता आणला. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि वहीत प्रश्न लिहून डॉक्टरांकडे गेले. या ऑपरेशनचा उद्देश काय, आजार पूर्ण काढणं की नुसता त्रास कमी करणं? यकृत उरेल किती? नाही केलं तर काय? घरी कधी येता येईल? आणि पोट उघडल्यावर जास्त काही दिसलं तर?

उत्तरं सरळ मिळाली. यकृत हा पुन्हा भरून येणारा अवयव आहे. निरोगी असेल तर बराच मोठा भाग काढला तरी उरलेला काही आठवड्यांत, महिन्यांत वाढतो. माझं पहिल्यानंतर भरून आलंय. पण दुसरं ऑपरेशन जास्त अवघड, कारण आत सगळं चिकटलेलं असतं. रक्तस्राव, पित्त गळणं, जंतुसंसर्ग हे धोके आहेतच. यकृतातल्या गाठी पूर्ण काढता आल्या अशा रुग्णांपैकी शंभरात चाळीसेक जण पाच वर्षांनंतरही असतात, आणि निम्म्याहून अधिक जणांत आजार पुन्हा डोकं वर काढतो. नाही केलं तर केमोवर काही काळ आवरता येईल, पण नुसत्या केमोने हा ठिपका कायमचा जाण्याची आशा फारच थोडी. आणि पोट उघडल्यावर नव्या गाठी दिसल्या, तर काही न काढता पुन्हा शिवून टाकतील.

त्या शेवटच्या वाक्यावर मी दोन रात्री झोपले नाही. मग ठरवलं, की करायचं. हिंमत दाखवायची म्हणून नव्हे, आणि कुणाच्या समाधानासाठीही नव्हे. काढता येण्यासारखं आहे तोवर काढून बघावं, आणि जमलं तर केमोविना काही महिने मिळावेत, बोटांत जीव यावा, एवढंच माझं मागणं आहे. मात्र हेही सांगून ठेवलंय, की पुढे कधी डॉक्टर म्हणाले आता उपाय नाही, तर मला मशिनला लावून ठेवायचं नाही. दुखणं कमी करणारी औषधं द्यायची आणि घरी आणायचं. हे बोलले तेव्हा यांनी पाठ फिरवली. मुलगी मात्र जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "बरं झालं आई बोललीस. मला विचारायचंच होतं." बँकेची कागदं, लॉकरची किल्ली, पेन्शनचा नंबर, सगळं एका फाइलमध्ये आहे आणि ती फाइल कुठे आहे हे तिघांना ठाऊक आहे.

मैत्रिणींनो, आज रात्री जेवणं झाल्यावर घरात एकदा हा विषय काढा. आपल्या आईला, सासूला, नवऱ्याला विचारा, पोट ठीक आहे ना, रक्त वगैरे पडत नाही ना. सुरुवातीला हसतील, 'काय हे जेवल्यावर' म्हणतील. म्हणू द्या. पोटातलं ओठांवर आलं तरच डॉक्टरच्या कानावर जातं.

आमच्याकडे वाळवणाचे दिवस तोंडावर आलेत. वहिनीला सांगून ठेवलंय, की कुरडयांसाठी गहू एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात भिजत घाल, तोवर मी अकोल्यात पोहोचते. यंदा साचा फिरवायला मला जमणार नाही, गच्चीवर सावलीत खुर्ची टाकून बसेन आणि गरम चीक तेवढा वाटीत घेईन. गव्हाचं, पाण्याचं, मिठाचं प्रमाण वहीत लिहून वहीही तिच्याकडेच दिलीय. मला जायला जमलं नाही तरी कुरडया बिघडायला नकोत.