मुक्कामाची जबाबदारी : खानदेशातील सराई, धर्मशाळा आणि लॉज

इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ साली सुरतेहून जहांगीर बादशहाच्या भेटीला निघाला. त्याची वाट आपल्या परिचयाची आहे. नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर आणि तेथून बुऱ्हाणपूर. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले, तरी त्या काळी खानदेश सुभ्याचे ते मुख्य ठाणे होते. या प्रवासाची रोजनिशी रोने लिहून ठेवली आहे. खानदेशातल्या मुक्कामाविषयी पाहुण्याने केलेली इतकी तपशीलवार तक्रार त्याआधीची माझ्या वाचनात नाही.

चोपड्याला त्याने गावाबाहेर तंबू ठोकले. बादशाही अंमलदार आले आणि म्हणाले, रानात दोनशे चोर आहेत, गावात या. रो हलायला तयार होईना. तेव्हा अंमलदारांनी त्याच्याकडे लेखी मागितले, की आम्ही तुम्हांला सावध केले होते. काही बरेवाईट झाले तर बादशहापुढे जबाब त्यांना द्यावा लागणार होता, म्हणून हा कागद हवा. धोका एवढा असेल तर पहारा वाढवा, असे रोने उलट सुनावले. शेवटी स्वार आणि बंदूकवाले आले आणि रात्रभर जागले. सकाळी रोने त्यांना बक्षिसी दिली.

१४ नोव्हेंबरला तो बुऱ्हाणपुरात पोचला. कोतवालाने त्याला सराईत नेले. दर्शनी भाग देखणा, दगडी. आत मात्र भिंतीला लागून विटांच्या चार खोल्या, वरून गोल, भट्टीएवढ्या. रो भडकला. असली वागणूक मिळणार असेल तर गाव सोडतो, असे त्याने कळवले. याहून बरी जागा गावात नाही, असे कोतवालाचे उत्तर आले. ते खरेच असल्याचे रोने पुढे स्वतःच नोंदवले आहे. शहजाद्याचा वाडा आणि मोजकी घरे सोडली तर सारे गाव मातीचे होते. आपले तंबू बरोबर होते, म्हणून त्याची सोय झाली.

दर्शनी भाग चकचकीत आणि खोली कोंदट. सुरक्षेऐवजी सहीचा कागद. आणि ‘याहून चांगले मिळणार नाही’ हे उत्तर. जळगाव-धुळ्याच्या स्टँडजवळ ज्याने रात्र काढली आहे, त्याला यातले काहीच परके वाटणार नाही. तरी एक फरक आहे, आणि या लेखाचा विषय तोच आहे. रोला रागवायला समोर कोतवाल होता. आज आपल्यासमोर कोण असतो?

शब्दांचा मागोवा

आपल्याकडे ‘हॉटेल’ म्हणजे चहा-भजी मिळण्याचे ठिकाण. झोपायचे ते ‘लॉज’. जेवणही असेल तर पाटीवर ‘बोर्डिंग-लॉजिंग’. त्याआधीचे शब्द सराई, मुसाफिरखाना, धर्मशाळा. साहेबासाठी डाकबंगला, पुढे अधिकाऱ्यांसाठी विश्रामगृह, देवस्थानात भक्तनिवास. प्रत्येक शब्दाबरोबर मालक बदलतो आणि जबाबदारीही बदलते. सराई राज्याची किंवा एखाद्या अमीराची, कोतवालाच्या नजरेखालची. धर्मशाळा दात्याची, त्याच्या नावाचा दगड भिंतीत. डाकबंगला सरकारचा. लॉज तेवढे कोणा एकाचे, आणि तो एक बहुधा तेथे राहत नाही. गल्ल्यावर पगारी मॅनेजर असतो.

वीस रुपये दंडाचा कायदा

१८६७ मध्ये इंग्रज सरकारने सराईंचा कायदा केला. प्रवाशांच्या उताऱ्यासाठी वापरली जाणारी इमारत ती सराई. जिल्हा मॅजिस्ट्रेटने सराईंची नोंद ठेवायची. चालवणाऱ्याची कर्तव्ये एका कलमात ओळीने सांगितली आहेत. खोल्या, ओसऱ्या, अंगण, मोऱ्या आणि विहिरी स्वच्छ ठेवणे. भिंती, दारे, छप्पर दुरुस्त ठेवणे. आवारातले रान काढणे. प्रवासी, त्यांची जनावरे आणि वाहने यांच्या रक्षणासाठी पुरेसे पहारेकरी नेमणे. दरांचा तक्ता लोकांना कळेल अशा भाषेत आणि दिसेल अशा जागी लावणे. साथीचा आजार दिसला तर कळवणे. कर्तव्य चुकले तर वीस रुपयांपर्यंत दंड.

या कायद्यामागे प्रवाशाविषयीच्या कळवळ्यापेक्षा पटकी आणि चोऱ्या यांची धास्ती अधिक होती. तरीही यादी पाहा. स्वच्छता, सुरक्षा, दराची उघड माहिती या तिन्ही गोष्टी एका माणसावर टाकल्या होत्या आणि तपासायला एक अधिकारी होता.

पुढे हे एकेरी सूत्र उसवत गेले. मुंबई इलाख्याच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या नावातच ‘हॉटेल व निवासगृहांचे दर’ होते; वाजवी दर ठरवण्याचा अधिकार नियंत्रकाला होता. त्याच्या जागी आलेल्या कायद्याच्या, म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या, नावातून हॉटेल गेले. १९५१ च्या पोलीस कायद्याने लॉजिंग हाऊसला सार्वजनिक करमणुकीच्या जागांच्या शेजारी बसवले. पोलिसांचे लक्ष कोण उतरले यावर, म्हणजे नोंदवहीवर. आगीचा कायदा वेगळा, अन्नाचा वेगळा, पालिकेचा परवाना वेगळा. तारांकन करणारी केंद्रीय पर्यटन खात्याची व्यवस्था ऐच्छिक आहे. स्टँडजवळचे लॉज तिच्या वाटेला जात नाही. नोंदवही, स्वयंपाकघर, आगीचा नळकांडा हे सगळे कोणीतरी पाहतो. चादर पाहणे मात्र कोणाच्याच कामात बसत नाही.

धर्मशाळेचे दार

जुने ते सोने असे मात्र मला म्हणायचे नाही. धर्मशाळा स्वस्त किंवा फुकट होती. पण दार सर्वांना उघडे नव्हते. अनेक धर्मशाळा जातीपुरत्या, आणि सार्वजनिक म्हणवणाऱ्यांतही अस्पृश्यांना मज्जाव. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला, त्यात सार्वजनिक पैशांतून बांधलेल्या पाणवठ्यांबरोबर धर्मशाळांचाही उल्लेख आहे. चवदार तळ्याच्या लढ्यामुळे पाणवठा आपल्या लक्षात राहिला. धर्मशाळा विसरली गेली.

१९२९ मध्ये सरकारी समितीचे सभासद म्हणून डॉ. आंबेडकर खानदेशच्या दोन्ही जिल्ह्यांत फिरले. परतताना ते चाळीसगावला उतरले. तेथील अस्पृश्य बांधवांनी रात्रीच्या मुक्कामाचा आग्रह धरला. स्टेशनावरून महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. अखेर टांगा भाड्याने मिळाला, पण हाकायला टांगेवाला नाही. वस्तीतल्याच एकाने लगाम धरला. त्याला हाकण्याची सवय नव्हती. पुलावर टांगा उलटला आणि बाबासाहेब दगडांवर फेकले गेले. पाय मोडला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. सेवा नाकारणे हे अपमानापुरते राहत नाही, त्यात हाडे मोडतात, हे खानदेशाने असे पाहिले. १९३७ साली कोर्टकामासाठी ते धुळ्यास आले होते. त्या मुक्कामाच्या आठवणीसाठी लळिंगच्या लांडोर बंगल्यापाशी दरवर्षी ३१ जुलैला लोक जमतात. कोणाला कुठे उतरता आले, ही गोष्ट समाज किती जपून ठेवतो याचा हा पुरावा.

संविधानाच्या कलम १५ ने हॉटेलांत जातधर्मावरून मज्जाव करण्यास बंदी घातली. तरी गल्ल्यावर नकाराची नवी भाषा तयार झाली आहे. ‘लोकल आधार चालत नाही.’ ‘एकट्या बाईला देत नाही.’ आडनाव वाचून ‘फुल्ल आहे.’ किल्ल्या मात्र मागच्या खिळ्यांना लटकत असतात. सज्ञान स्त्रीला एकटीने खोली घेण्यास मनाई करणारा कोणताही कायदा नाही.

गिऱ्हाईक कोण आहे

गेली काही वर्षे जुने कागद वाचण्यासाठी मी धुळ्याला आणि जळगावला जातो आणि जमेल त्या लॉजमध्ये उतरतो. शेजारच्या खोल्यांत कोण असते याच्या टिपणांतून एक गोष्ट ध्यानात आली. औषध कंपन्यांचे आणि बियाण्यांचे प्रतिनिधी, कोर्टाची तारीख असलेले शेतकरी, दवाखान्यात पेशंट ठेवून आलेले नातेवाईक, परीक्षेचे उमेदवार आणि त्यांचे वडील, लग्नसराईत वऱ्हाडी, अजिंठ्याला जाणारे पर्यटक. यांतल्या बहुतेकांना एक रात्र काढायची असते. पेशंटच्या भावाला चादरीवरून वाद घालायला बळ नसते. तारीखवाल्याला साडेदहाला कोर्टात हजर व्हायचे असते. पर्यटक पुन्हा येणार नसतो.

तक्रार करणारा नाही, परत येणारा नाही, आणि स्टँडसमोरची जागा गिऱ्हाईक आपोआप आणून देते. मग चादर धुण्याचा खर्च मालकाने का करावा? अस्वच्छतेचे कारण आळसापेक्षा या हिशेबात जास्त आहे. उलट ज्या लॉजवर तेच तेच प्रतिनिधी महिन्याला येतात, तेथे चादर बरी असते. कारण ते पुढच्या वेळी समोरच्या लॉजवर जाऊ शकतात.

दुसरे कारण पाण्याचे. उन्हाळ्यात आमच्या शहरांत नळाला रोज पाणी येत नाही. टँकरच्या पाण्यावर वीस खोल्या धुवायच्या तर हात आखडतो. तिसरे कारण माणसांचे. तीन मजल्यांना एक रूमबॉय. तोच चहा आणतो, संडास धुतो, रात्री जिन्याखाली झोपतो. एका लॉजमध्ये मी चादर बदलून मागितली. पोऱ्याने तीच उलटी करून अंथरली आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, “भाऊ, दुसरी ओली शे.” त्याच्यावर रागवून काय मिळणार? पुरेशा चादरी विकत घेण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता.

म्हणजे स्वच्छता आपल्याला जमतच नाही, असे नव्हे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिले. नंदलाल बोस यांच्या कल्पनेतून बांबूचे टिळकनगर उभे राहिले. हजारो माणसे तेथे उतरली आणि सफाईचे काम स्वयंसेवकांनी अंगावर घेतले. पाणी, चर, झाडू, पाळ्या यांची आखणी आधी झाली होती. जागा तात्पुरती होती, पण कोणते काम कोणाचे हे ठरलेले होते.

कूलर, गिझर, जिना

चादरीची घाण दिसते. जिवावर बेतणाऱ्या गोष्टी दिसत नाहीत, म्हणून त्या सांगायला हव्यात.

खानदेशी उन्हाळ्यात कूलरवाचून झोप नाही. पण त्याच्या टाकीत साचलेले पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाची पैदास. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायची असते. महिनाभर बंद खोलीतला कूलर आपल्यासाठी सुरू केला जातो तेव्हा टाकीत डोकावावे.

न्हाणीघरात गॅस गिझर असेल आणि खिडकी बंद असेल, तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस आधी गळून जातो, मग मदत मागायचे भानही उरत नाही. हवा खेळत नसेल तेथे गॅस गिझर वापरूच नये.

तिसरा जिना. १२ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे दिल्लीच्या करोलबागेतल्या एका हॉटेलला आग लागली आणि १७ जण दगावले. शोभेसाठी लावलेल्या लाकडी तावदानांनी आग आणि धूर पसरवला. आपल्याकडेही जुन्या लॉजला ‘डिलक्स’ करताना भिंतीवर पटल्या चढतात, खिडक्यांना जाळ्या बसतात आणि गच्चीच्या दाराला कुलूप लागते. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील आगीची साधने चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून घेऊन द्यायचे असते. खोली घेताना दुसरा जिना कुठे आहे एवढे विचारावे. उत्तर देताना मॅनेजर गोंधळला, तर वरचा मजला घेऊ नये.

दाद

आता चोपड्याच्या कागदाकडे वळू. ‘सामानाची जबाबदारी ज्याची त्याने घ्यावी’ ही पाटी त्या कागदाचीच वंशज. तिला कायद्यात किती वजन आहे? १९९८ मध्ये दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलात नोकराच्या हाती दिलेली मोटार चोरीला गेली. पावतीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असे छापले होते. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की वाहन एकदा ताब्यात घेतले की ते सुखरूप परत देण्याची जबाबदारी प्रथमदर्शनी हॉटेलची. आपण योग्य काळजी घेतली हे हॉटेलने आधी सिद्ध करायचे. आपल्या हलगर्जीवर छापील ओळीचे पांघरूण घालता येत नाही. चोपड्याच्या रात्री रोने हेच म्हटले होते : सही मागू नका, पहारा द्या.

साध्या लॉजच्या गिऱ्हाइकालाही दार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली धुळे आणि जळगाव येथे जिल्हा आयोग आहेत. घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. १९१५ या क्रमांकाच्या ग्राहक हेल्पलाइनवर आधी बोलता येते. त्यासाठी हातात पुरावा हवा, आणि तोच आपण मागत नाही. खोली पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. तारीख-वेळ असलेली छापील पावती घ्यावी. ‘बिल पाहिजे तर जास्त पडतील’ असे ऐकवले जाते तेथे तर नक्कीच. फोटो काढावा, तक्रार लेखी द्यावी आणि एक प्रत ठेवावी.

एकट्या गिऱ्हाइकावर हे ओझे टाकणे पुरेसे नाही, हेही खरे. पेशंटचा भाऊ आयोगात जाणार नाही. त्याच्यासाठी १८६७ च्या यादीसारखी एक साधी यादी आज लागेल. चादर केव्हा बदलली, टाकी केव्हा घासली, दुसरा जिना कोणता, दर काय, आणि तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचे नाव. ही यादी दर्शनी भिंतीवर मराठीत लावण्याची अट पालिकेने परवान्यातच घातली, तर नवा कायदा लागणार नाही. फळा आणि खडू पुरेल. बुऱ्हाणपूरच्या कोतवालाने रोला भट्टीएवढ्या खोल्या दिल्या, पण निरोप गेला तेव्हा उत्तरही त्यालाच द्यावे लागले. आपल्या भिंतीवर निदान त्या कोतवालाचे नाव तरी असावे.