आजाऱ्याचे करणारी मुले

कपाशीची वेचणी लागली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात शाळांची हजेरी उतरते, हे शिक्षकबंधूंना सांगायला नको. माय सकाळीच वेचायला जाते. घरी धाकटे पोर असते, कधी अंथरुणाला खिळलेली आजी असते. त्यांचे करायचे कोणी? बहुधा थोरल्या मुलीने. हजेरीपटावर मात्र ती नुसती गैरहजर.

2017 साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो दवाखान्यात पडली. गेलेल्यांची मोजदाद झाली, ती व्हायलाच हवी होती. पण अशा दुखण्यातून वाचलेला माणूस घरी आला म्हणजे लगेच वखराला हात घालीत नाही. बायको मजुरीला गेली की त्याला औषध देणे, न्हाणीपर्यंत धरून नेणे, भाकर वाढणे हे दहा-बारा वर्षांच्या पोराकडे येते. सिकलसेलचे दुखणे असलेल्या घरीही तेच. दुखणे उसळले म्हणजे सांधे असे ठणकतात की भावंडाला रात्र रात्र उशाशी बसावे लागते. सकाळी तेच भावंड वर्गात डुलक्या घेते, आणि आपण त्याला आळशी म्हणतो!

घरच्या माणसाचे करणे यात वाईट काही नाही. उलट पोराला समज येते. वाईट आहे ते हे, की सगळा भार त्या एकट्यावर पडतो आणि तो कोणी विचारीत नाही. मजुरी घेणारे मूल 1986 च्या बालमजुरी कायद्याला दिसते. आजीची कूस बदलणारे दिसत नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळा दिली, पण घरी आजाऱ्याजवळ बसायला माणूस कुठून द्यावा? इंग्लंडात 2014 च्या कायद्याने अशा मुलांच्या गरजा तपासण्याचे काम स्थानिक संस्थांवर टाकले आहे. आपल्याकडे ते काम तूर्त गुरुजींचेच!

म्हणून गुरुजी, 'काल का आला नाहीस?' असे दरडावण्याआधी 'घरी कोण आजारी आहे?' असे एकांतात विचारा. चारचौघांत पोर सांगणार नाही. आईबाप गेलेल्या किंवा दुर्धर आजारात सापडलेल्या घरच्या मुलांसाठी सरकारची बालसंगोपन योजना आहे. तिची चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करावी. निराधार, अपंग माणसासाठी संजय गांधी अनुदानाचा अर्ज तहसिलीत द्यावा. आशाताईंनाही घर दाखवून ठेवावे. आणि शेजारणीने आठवड्यातून दोन दुपारी जरी आजीजवळ बसायचे पत्करले, तरी पोरीचे गणिताचे तास तेवढे साधतात.