चाफा कापण्यापूर्वी

आपल्या महाविद्यालयाच्या मागील अंगणातला पांढरा चाफा नव्या इमारतीसाठी मे महिन्यात काढला जाणार आहे. अनेकांना हळहळ वाटते. माझे म्हणणे असे की, हळहळण्यापेक्षा त्याच्या फांद्या आताच घरी न्याव्यात. चाफा फांदीपासून सहज येतो आणि ज्या झाडाची फांदी, त्याच झाडाची फुले ती देते. बियांच्या रोपाची तशी हमी नाही.

चाफा हे नाव मात्र फसवे. सोनचाफ्याशी याचे नाते नाही. हा कण्हेरीच्या कुळातला, आणि हिरवा चाफा तर सीताफळाच्या! देवळांच्या आवारांत इतका रुळलेला हा वृक्ष मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेकडचा. प्ल्युमेरिया हे त्याचे शास्त्रीय नाव फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल प्ल्यूमिये (१६४६-१७०४) यांच्यावरून पडले. परक्या पाहुण्याला जुनेच नाव देऊन घरात घेण्याची ही रीत भाषेच्या अभ्यासकांनी पाहण्यासारखी आहे. असो.

फांदी अंगठ्याएवढी जाड, फूट-दीड फूट लांब घ्यावी. कापताना चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. ओली फांदी लगेच मातीत खोचली की हमखास कुजते; म्हणून आठ-दहा दिवस ती सावलीत ठेवावी. कापलेल्या टोकाला कोरडी खपली धरली, की निम्मी वाळू मिसळलेल्या मातीत चार बोटे खोल लावून काठीला बांधावी. एकदा पाणी द्यावे, नंतर माती सुकल्यावरच. हौशी मंडळी रोज तांब्याभर पाणी ओततात. पण जिला मूळच नाही ती फांदी ते पिणार कशी? मुळे धरायला दीड-दोन महिने लागतात. तोवर उपटून पाहण्याचा मोह आवरावा.

कायमची जागा भरपूर उन्हाची हवी. दिवसाचे सहा तास तरी ऊन मिळावे. फांद्या मांसल आणि ठिसूळ असल्याने पावसाळी वाऱ्यात मोडतात, म्हणून पश्चिमेला भिंतीचा आडोसा असलेला बरा. पाणी साचू नये. पावसाळ्यात पानांच्या पाठीवर नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा; तशी पाने वेचून नष्ट करावीत. हिवाळ्यात पाने गळतात, तेव्हा झाड मेले असे समजून कोणी उपटू नये. फुले शेंड्यांवर येतात, तेव्हा डौलासाठी ते खुडणे म्हणजे बहर गमावणे.

आपल्या चाफ्याला आज निदान तीस शेंडे आहेत. फेब्रुवारीअखेर कापले, तर पावसाआधी त्यांना मुळे फुटतील.