घरगुती मत्स्यालयातील बटू क्रेफिश : बीडच्या संदर्भात
कवचधारी वर्गातील बटू क्रेफिश मूळचा मेक्सिकोतील पात्स्क्वारो सरोवराचा असून तो ४ ते ५ सें.मी. वाढतो. बीडच्या विंधन विहिरींचे पाणी बहुधा कठीण. परंतु कवच टाकल्यावर नवे कवच घट्ट होण्यास त्यातील कॅल्शियम उपकारकच ठरते. खरी अडचण उन्हाळ्याची. पारा ४० अंशांवर गेला की टाकीतील विरघळलेला प्राणवायू घटतो. पंख्याने पाणी थंडावते, मात्र बाष्पीभवनामुळे क्षार वाढतात. म्हणून घट आर.ओ.च्या किंवा साठविलेल्या पावसाच्या पाण्याने भरावी. ताम्रयुक्त औषधे कटाक्षाने टाळावीत. भारतात क्रेफिश नैसर्गिकरीत्या आढळत नाही, त्यामुळे नकोसा झालेला प्राणी बिंदुसरेत सोडणे हा भूतदयेचा प्रकार नव्हे. केनियाच्या नैवाशा सरोवरात १९७० मध्ये सोडलेल्या लाल क्रेफिशने तेथील पाणवनस्पतींचा मोठा ऱ्हास घडविला.